पहिला गर्भ पडला असेल, तर पुढचे बाळंतपण लवकर आटोपते का?

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने :

मी चोवीस वर्षांची असून यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात राहते. मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, दहाव्या आठवड्यात, माझा गर्भ पडला आणि क्युरेटिन करून पिशवी साफ करावी लागली. आता मला सातवा महिना सुरू आहे आणि तारीख पोळ्याच्या मागेपुढे आहे. सासूबाई म्हणतात की एकदा वाट मोकळी झालेली आहे, कळा सुरू झाल्या की दोन-तीन तासांत सुटका होईल. शिवाय हे दुसरे बाळंतपण असल्याने ते माहेरी करण्याचे कारण नाही. शेजारच्या काकू सांगतात की पिशवी साफ केली की तिचे तोंड आखडते आणि बाई दोन-दोन दिवस अडते. आशाताईंनीही कार्डावर दुसरी खेप अशीच नोंद केली आहे. आमच्या गावापासून रुग्णालय दूर आहे, पावसात मधला नाला भरतो. माहेर मात्र पांढरकवड्याला लागून आहे. कोणाचे खरे मानावे? आणि पुढच्या मुलाच्या वेळीही हीच भीती राहणार का?

ताई,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. दहाव्या आठवड्यात पडलेल्या गर्भामुळे पुढच्या बाळंतपणातल्या कळांचा काळ कमी होत नाही आणि वाढतही नाही. कळा किती तास चालतील याचा अंदाज बांधताना तुम्ही स्वतःला पहिलटकरीणच समजावे. सासूबाईंचा अंदाज तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. काकूंच्या सांगण्यात थोडे तथ्य आहे, पण ते कळांच्या लांबीविषयी नाही, वारेविषयी (बाळाला पोटात पोसणारा आणि बाळानंतर बाहेर पडणारा भाग) आहे, आणि त्याकडे मी पुढे येतेच.

दुसरे बाळंतपण पहिल्यापेक्षा लवकर होते हा बायाबायांचा अनुभव खरा आहे, परंतु तो कशामुळे येतो हे पाहिले पाहिजे. पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड आधी पातळ होते आणि मग उघडू लागते. दोन्ही कामे बहुधा एकामागून एक होतात, म्हणून वेळ लागतो. पूर्ण उघडणे म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटर, कारण पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास असते. ते डोके एकदा त्या तोंडातून आणि खालच्या मार्गातून बाहेर पडले की तिथले स्नायू व ऊती ताणल्या जातात आणि नंतर आखडल्या तरी पूर्वीइतक्या घट्ट राहत नाहीत. ज्या बाईला मूल झालेले नाही तिच्या गर्भाशयाचे तोंड तपासणीत गोल टिंबासारखे दिसते, तर बाळंत झालेल्या बाईचे आडव्या चिरेसारखे. हा फरक आयुष्यभर टिकतो. म्हणूनच पुढच्या खेपेला तोंड पातळ होणे आणि उघडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात आणि कळांचा काळ कमी होतो.

दहाव्या आठवड्यातला गर्भ जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा असतो. तो पडताना, किंवा क्युरेटिन करताना, गर्भाशयाचे तोंड साधारण एखादे सेंटीमीटर उघडते आणि काही दिवसांत पुन्हा मिटते. खालचा मार्ग तर अजिबात ताणला जात नाही. नाल्यातून एक माणूस पायी उतरून गेला म्हणून तिथे बैलगाडीची वाट तयार होत नाही, तसेच हे आहे. गोळ्या घेऊन झालेल्या सुरुवातीच्या गर्भपातालाही हेच लागू आहे, आणि असे दोनदा घडले असेल तरीही कळांच्या हिशेबात ती बाई पहिलटकरीणच राहते.

मात्र गर्भ कोणत्या महिन्यात गेला यावर बरेच अवलंबून असते, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी ते सांगणे जरूर आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर कळा येऊन गर्भ पडला असेल, तर तोंड अधिक उघडलेले असते, त्यामुळे पुढच्या कळांवर थोडाफार परिणाम होऊ शकतो; परंतु बाळ लहान असल्याने पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाइतका नाही. नवव्या महिन्यात मूल मृत जन्मले असेल, तर घरातले लोक त्या बाळंतपणाचे नावही काढत नाहीत, पण शरीराच्या दृष्टीने ते पूर्ण बाळंतपण असते आणि पुढच्या वेळी कळा लवकर उरकण्याची शक्यता खरोखरच असते. याउलट, पहिले मूल कळा सुरू होण्याआधीच सिझेरियनने झाले असेल, तर मूल मांडीवर असूनही त्या बाईच्या कळा पहिलटकरणीसारख्याच चालतात. गर्भ किती वेळा राहिला यापेक्षा बाळ खालच्या मार्गाने जन्मले का, हे इथे महत्त्वाचे आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच, नकळत तोंड उघडून गर्भ पडला असेल, तर ती वेगळी बाब आहे. अशा बाईने पुढच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना भेटावे, कारण काहींना बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालावा लागतो आणि तो छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

आशाताईंनी केलेली नोंद चुकीची नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर आणि रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टर तीन आकडे लिहितात. तुमच्या कागदावर बहुधा ‘जी २, पी ०, ए १’ असे असेल. पहिला आकडा किती वेळा दिवस गेले हे सांगतो, दुसरा किती बाळंतपणे झाली हे, आणि तिसरा किती गर्भ पडले हे. तुम्ही दोनदा गरोदर राहिलात म्हणून खेप दुसरी, पण बाळंतपण अजून एकही झालेले नाही. प्रसूतिगृहातली सिस्टर तासांचा अंदाज मधल्या शून्यावरून करते. सासूबाईंना समजावताना त्यांची चूक काढण्यापेक्षा हे कार्ड घेऊन आशाताईंनाच बोलावे. घरातले वडीलधारे माणूस सुनेपेक्षा आशाताईचे लवकर ऐकते, हे काही नवीन नाही.

आता तासांविषयी. कळांची सुरुवातीची अवस्था, म्हणजे तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ, प्रत्येक बाईत इतका वेगळा असतो की त्याला निश्चित मर्यादा सांगता येत नाही. पहिलटकरणीत हा काळ दिवसभर चालला तरी ते आजारपण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, पाच सेंटीमीटरपासून पूर्ण उघडेपर्यंतच्या जोराच्या अवस्थेला पहिल्या बाळंतपणात सहसा बारा तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही आणि पुढच्या बाळंतपणांत दहा तासांपेक्षा अधिक लागत नाही. त्यानंतर जोर करून बाळ बाहेर येण्याची अवस्था पहिल्या वेळी सहसा तीन तासांच्या आत आणि पुढच्या वेळी दोन तासांच्या आत पूर्ण होते. या वरच्या मर्यादा आहेत. अनेक बायांचे यापेक्षा बरेच लवकर होते. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना नियम पुष्कळ ठिकाणी अजून बोलला जातो, पण आई आणि बाळ दोघेही ठीक असतील तर केवळ तेवढ्या कारणावरून हस्तक्षेप करू नये, असे त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. तेव्हा ‘दोन-तीन तासांत’ हा सासूबाईंचा आकडा मनात धरून बसलात, तर चौथ्या तासाला तुम्ही आणि घरचे सगळेच घाबरतील, आणि त्या घाबरटपणातूनच चुकीचे निर्णय होतात.

त्यांतला सर्वांत धोक्याचा निर्णय म्हणजे घरी किंवा गावातल्या खाजगी माणसाकडून कळांचे इंजेक्शन घेणे. ते औषध वाईट नाही. रुग्णालयात, सलाईनमधून मोजून आणि बाळाचे ठोके तपासत ते दिले जाते. परंतु मोजमाप न करता सुई टोचली, तर कळा थांबेनाशा होतात, बाळाचा प्राणवायू कमी पडतो आणि प्रसंगी गर्भाशय फाटते. वरून पोट दाबून बाळ लोटणेही टाळलेच पाहिजे. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची पद्धत काही घरांत आहे. त्याने जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होते आणि बाई जोर करण्याच्या वेळीच थकून जाते.

काकूंच्या म्हणण्याविषयी. पिशवी साफ केल्यावर गर्भाशयाच्या तोंडावर व्रण राहून ते उघडायला अडणे ही गोष्ट घडते, पण फार क्वचित. एका, नीट झालेल्या क्युरेटिननंतर तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. तसे असलेच, तर चांगल्या कळा असूनही तोंड पुढे सरकत नाही हे प्रसूतिगृहातल्या तपासणीत दिसते आणि त्यावर तिथे उपायही आहे. मागच्या क्युरेटिनचा खरा संबंध येतो तो दोन गोष्टींशी. एक म्हणजे, पिशवी साफ केलेल्या बायांमध्ये, विशेषतः वारंवार केलेल्या असतील तर, दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची शक्यता किंचित वाढते. त्यामुळे सदतिसावा आठवडा पूर्ण होण्यापूर्वी कंबर आणि पोट थांबून थांबून आवळल्यासारखे वाटले, तर खोट्या कळा म्हणून अंगावर काढू नये. दुसरी म्हणजे वार. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी खरवडले गेले असेल, तर बाळ जन्मल्यावर वार सुटायला उशीर होण्याची किंवा ती चिकटून राहण्याची शक्यता थोडी अधिक असते. बाळ जन्मताच आईच्या मांडीत इंजेक्शन दिले जाते त्याने वार सहसा काही मिनिटांतच पडते. अर्धा तास उलटूनही पडली नाही तर ती काढावी लागते आणि रक्ताची गरज लागू शकते. घरी बाळंत होणाऱ्या बाईला धोका कळांच्या लांबीपेक्षा या अर्ध्या तासात अधिक असतो. म्हणून माझ्या मते तुमचे बाळंतपण घरी किंवा केवळ उपकेंद्रात न होता, जिथे डॉक्टर आणि रक्ताची सोय हाताशी आहे अशा ठिकाणी व्हावे.

यासाठी मागच्या वर्षीची हकिकत डॉक्टरांना पूर्ण सांगा. कोणत्या आठवड्यात, आपोआप की गोळ्यांनी, क्युरेटिन झाले का, नंतर ताप किंवा अनेक दिवस रक्तस्राव झाला का, हे सर्व. काही बाया मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची गोष्ट नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करण्यात काहीही गैर नाही. तुमचा रक्तगट कार्डावर पाहा. तो निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (रक्तगट न जुळल्याने पुढच्या बाळाला होणारा धोका टाळणारे) दिले होते का हे शोधून काढा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा, कारण अठ्ठाविसावा आठवडा हीच ते पुन्हा देण्याची वेळ असते. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. विदर्भात हा आजार बराच आढळतो; नुसते वाहक असल्याने कळांत फरक पडत नाही, परंतु प्रत्यक्ष आजार असेल तर गर्भ पडण्याची, बाळ लवकर येण्याची आणि आईला त्रास होण्याची शक्यता वाढते आणि मग यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारखे मोठे ठिकाण आधीच ठरवावे लागते. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल, तर पेरणीची घाई कितीही असली तरी लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. रक्त कमी असल्याने कळा लांबत नाहीत, पण वार अडकून रक्त गेले तर ते सोसण्याची ताकद राहत नाही.

कळांचा काळ प्रत्यक्षात कशाने वाढतो, तर बाळाचे डोके सरळ न येता आईच्या पोटाकडे तोंड करून आल्याने, बाळ मोठे किंवा ओटीपोटाची हाडे अरुंद असल्याने, कळा कमजोर असल्याने, तारखेआधी औषधाने कळा सुरू कराव्या लागल्याने. यांपैकी एकाही गोष्टीचा मागच्या गर्भपाताशी संबंध नाही. भीतीचा मात्र आहे, आणि तो मी हलका समजत नाही. ज्या बाईने आधी रक्तस्राव पाहिला आहे, तिला पोटात दुखू लागले की तेच पुन्हा घडते आहे असे वाटते, झोप उडते, खाणेपिणे सुटते, आणि अशी उपाशी, जागी बाई कळांच्या मध्यावरच दमते. मागच्या वेळी तुमच्या हातून काही चुकले म्हणून गर्भ पडला, असे तुम्हाला कोणी सुचवले असेल तर ते मनातून काढून टाका. ओळखीस आलेल्या गर्भांपैकी शंभरात दहा-पंधरा असे पडतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांत बीजाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जड ओझे, पपई किंवा ग्रहण यांचा त्यात हात नसतो. प्रसूतिगृहात तुमच्या विश्वासाची एक सोबतीण जवळ असावी, सुरुवातीच्या अवस्थेत चालावे-फिरावे, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, वरणभात, पेज घेत राहावे. यांचा उपयोग गावात ऐकिवात असलेल्या कोणत्याही उपायापेक्षा अधिक होतो.

राहिला प्रश्न माहेरचा. पहिले बाळंतपण माहेरी या रीतीप्रमाणे पाहिले तरी तुमचे हे पहिलेच आहे, पण मी रीतीपेक्षा रस्त्याचा विचार करीन. पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळांत रुग्णालयातून ‘अजून वेळ आहे, परत जा’ असे सांगितले जाण्याची शक्यता असते. माहेरी असाल तर परत जाणे सोपे. सासरी असाल तर काळ्या मातीच्या चिखलातून पुन्हा तेवढाच प्रवास, आणि रात्री नाला उतरला नसेल तर तोही नाही. म्हणून सदतिसावा आठवडा लागण्याच्या सुमारास, म्हणजे पोळ्याच्या तीनेक आठवडे आधी, तुम्ही माहेरी जावे आणि सासूबाईंनाही तिथे चार दिवस राहण्याचे निमंत्रण द्यावे. ज्यांचे माहेर असे सोयीचे नाही, त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून माहेरघर आहे का याची आशाताईंकडे चौकशी करावी. आदिवासी भागांत तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईला तिथे राहता येते.

कळा नियमित येऊ लागल्या, दहा-दहा मिनिटांवर आल्या आणि झोपून किंवा चालूनही थांबल्या नाहीत, की निघण्याची तयारी करा. शहरातल्या बायांना पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत थांबायला सांगतात, पण तो सल्ला पक्क्या रस्त्याच्या हिशेबाने दिलेला असतो. पाणी गेले, लाल रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा ताप आला, तर कळा असोत वा नसोत, त्याच क्षणी निघायचे. १०२ आणि १०८ या दोन्ही क्रमांकांची गाडी विनामूल्य आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरी परत सोडणे यांचेही पैसे लागत नाहीत. तरीही गावातल्या एखाद्या गाडीवाल्याला आधी सांगून ठेवावे, कारण पोळ्याच्या दिवशी ऐनवेळी चालक मिळणे कठीण असते.

तुम्ही पुढच्या मुलाविषयीही विचारले आहे. हे बाळंतपण खालच्या मार्गाने झाले, तर पुढच्या वेळी कळांचा काळ पुष्कळदा बराच कमी होतो, आणि सासूबाई आज सांगतात ते दोन-तीन तास तेव्हा खरेही ठरू शकतात. त्या वेळी लांबण्याची नव्हे, तर वाटेतच बाळंत होण्याची काळजी घ्यावी लागेल. दहा मिनिटांच्या अंतराची वाट न पाहता कळा नियमित वाटू लागताच घर सोडावे लागेल.